वरचं दूध सुरू झालं, त्या दिवशी काय झालं होतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर काम करणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी विचारलं आहे: "आमच्याकडे स्तनपानाचं मार्गदर्शन नियमित होतं. आयांना ते कसं वाटतं हे कळावं म्हणून सहा प्रश्नांचा फॉर्म केला आणि आशाताईंकडून भरून घेतला. जवळपास सगळ्या जणींनी 'समाधानी'वर खूण केली. तरी तीन-चार महिन्यांच्या बाळांच्या उशाशी बाटली दिसतेच. मग या अभिप्रायाचा उपयोग काय, आणि तो घ्यायचा तरी कसा?"

ताई, तुमच्या फॉर्मवर आलेली उत्तरं खोटी नाहीत. आशाताई घरी आली, बाळाचं वजन केलं, दोन शब्द बोलली, हे बाळंतिणीला खरंच आवडलेलं असतं. तुम्ही विचारलं "कसं वाटलं?", तिनं सांगितलं "बरं वाटलं". आणि समजा नसेल वाटलं, तरी जिची नळावर रोज गाठ पडते तिला तोंडावर कोण म्हणेल की तुमच्या सांगण्यानं माझं भागलं नाही? "सगळं बराबर आहे जी" हे आपल्याकडचं पहिलं उत्तर असतं. ते ऐकून वही मिटायची नाही. नीट विचारलं नाही तर बायका किती सोसतात आणि गप्प राहतात, हे गडचिरोलीत फार पूर्वीच दिसलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा अभ्यास केला, तो 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. दूध पाजण्याच्या बाबतीतही बाई असंच सोसते. भेगा पडून रक्त येत असतं आणि ती म्हणते, होते असं पहिल्या खेपेला.

म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. सुरुवात कालच्या दिवसापासून करा: "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत लेकराच्या तोंडात काय काय गेलं?" हा प्रश्न आधी हवा, कारण "अंगावरच पाजते" असं सांगणारी आई घुटी, मध, साखरपाणी, उन्हाळ्यातलं चमचाभर पाणी यांना खाणं-पिणं धरतच नाही. ती लपवत नसते, तिच्या हिशोबात ते औषध असतं. मग मुख्य प्रश्न: "वरचं दूध पहिल्यांदा दिलं, त्या दिवशी काय झालं होतं?" आणि थांबा. ती आठवून सांगेल. मध्ये "अगं पण सहा महिने देऊ नये ना" असं एकदा जरी तोंडातून गेलं, तर पुढचं सगळं बंद होतं. ती परीक्षा दिल्यासारखी तुम्हाला हवं ते बोलू लागते. त्या दिवशी घरात कोण होतं, बाळ कसं करत होतं, दिवसाची कोणती वेळ होती, हे विचारा. शेवटी विचारा, "तेव्हा कुणाला विचारलंस?" माझ्या मते या सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. उत्तरात सासू येते, जाऊ येते, मेडिकलवाला येतो, दवाखान्यातली सिस्टर येते. आपलं नाव फार क्वचित येतं. का येत नाही, ते शोधलं की सेवेत काय बदलायचं ते कळतं.

तुम्हाला नमुना निवडण्याची गरजही नाही. सपाट भागातलं उपकेंद्र साधारण 5000 लोकसंख्येचं, आदिवासी भागातलं 3000 चं. जन्मदर हजारी 15 च्या आसपास धरला तर 5000 वस्तीत वर्षाला 75 बाळं, म्हणजे महिन्याला सहा-सात. या प्रत्येक आईशी बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत एकदा निवांत बोलता येतं. टक्केवारी काढायच्या मागे लागू नका. दहा-बारा जणींच्या "त्या दिवसा"च्या हकिकती एकाखाली एक लिहिल्या की ते दिवस ठरावीक काळात गोळा झालेले दिसतात. माझ्या पाहण्यात ते तीन ठिकाणी गोळा होतात.

पहिलं ठिकाण दवाखाना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं 41.8 टक्केच. म्हणजे बाई आपल्यासमोर असतानाच निम्म्याहून अधिक वेळा तो तास निसटतो. सिझर झालेल्या आयांच्या तोंडून हे नेमकं ऐकायला मिळतं: बाळ बाहेर नातेवाइकांच्या हातात होतं, मी आत होते, "दूध उतरलं नाही" असं कुणीतरी म्हणालं, आणि मावशीनं मेडिकलमधून दूध पावडरीचा डबा आणला. दूध भरून येतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, सिझरनंतर कधी थोडं आणखी उशिरा. तोवर जो थोडासा घट्ट, पिवळसर चीक येतो तो बाळाला पुरतो, कारण पहिल्या दिवशी त्याच्या पोटात एका वेळी चहाचा एक चमचाभरच मावतं. हे वाक्य गरोदरपणातल्या तपासणीत आईला सांगून फारसं साधत नाही, कारण त्या वेळी निर्णय तिच्या हातात नसतो. तो सोबत आलेल्या बाईच्या हातात असतो. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात "बाळंतपणाला सोबत कोण जाणार?" हे विचारायचं आणि त्या बाईशी बोलायचं, मग ती आई असो, मावशी असो की नणंद. कोणत्या दवाखान्यातून डबा घेऊन बाळ घरी येतं याची नोंदही ठेवा, पण आईच्या नावाशी न जोडता. 1992 चा शिशु दुग्ध पर्याय कायदा, 2003 च्या दुरुस्तीसह, पावडरीची जाहिरात आणि फुकट नमुने यांना मनाई करतो. चार-पाच नोंदी एकाच दिशेनं जात असतील तर त्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवण्याजोग्या आहेत.

दुसरं ठिकाण दीड महिना ते तीन महिने. यावर जरा थांबते, कारण ही फट आपल्या वेळापत्रकातच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईच्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची लहान बालकांची गृहभेट थेट तिसऱ्या महिन्यात. मधल्या दीड महिन्यात काय काय होतं ते आयांकडूनच ऐका. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळाचं रडणं सगळ्यात जास्त असतं, विशेषतः संध्याकाळी. ते सारखं अंगावर येतं, सोडतं, परत मागतं. सुरुवातीला दाटून येणारी छाती याच सुमारास मऊ पडते, कारण दूध आता बाळाच्या मागणीप्रमाणे तयार होऊ लागतं. आईला वाटतं दूध आटलं. नेमक्या याच दिवसांत सव्वा महिना संपवून पहिलटकरीण माहेराहून सासरी येते. माहेरच्या आशाताईच्या वहीत तिच्या भेटी पूर्ण, सासरच्या आशाताईला ती आल्याचंच ठाऊक नाही. नवं घर, कामाचा रेटा, संध्याकाळी रडणारं बाळ आणि "दूध पुरत नाही त्याले" म्हणणारी चार माणसं. त्या संध्याकाळी ती कुणाला विचारणार?

इथं मार्गदर्शनाचे तक्ते कितीही सुंदर असले तरी कामाचे नाहीत. इथं भेट हलवायला हवी. बेचाळिसाव्या दिवशी आशाताईनं "सासरी कधी जाणार, कोणत्या गावाला?" एवढं विचारून त्या गावच्या आशाताईला फोन करायचा, आणि तिनं बाळ आल्यापासून आठवड्याच्या आत, शक्यतो संध्याकाळी, एक चक्कर मारायची. एवढा एक बदल केला तरी पुढच्या हकिकतींमध्ये "कुणाला विचारलंस"चं उत्तर बदलू लागतं. या चकरेत सांगायचं थोडं, पाहायचं जास्त. आया एक गोष्ट वारंवार सांगतात: सांगून सगळे गेले, पाजताना कुणी बसून पाहिलं नाही. तर एक पूर्ण पाजणं पाहायचं, सुरुवातीपासून बाळ आपणहून सोडेपर्यंत. तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, वरच्या बाजूचा काळा भाग खालच्यापेक्षा जास्त दिसतोय का. बाळ नुसतं बोंडीला धरत असेल तर भेगाही पडतात आणि दूधही पुरेसं निघत नाही. "दूध पुरत नाही"च्या किती तरी तक्रारी या एका दुरुस्तीनं मिटतात. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि वजनाची चढती रेष ही दोन मापं सासूबाईंनाही दाखवायची, कारण घरात शब्द त्यांचा चालतो. मात्र बाळ सुस्त असेल, ओढत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा अंग तापलं असेल, तर तिथं प्रश्नोत्तरं थांबवायची आणि गाडी बोलवायची.

तिसरं ठिकाण हंगाम. विदर्भाच्या पश्चिमेला कापसाची वेचणी, पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत धानाची रोवणी, पुढे मोहफुलं आणि तेंदूपाता. वेचणीची मजुरी किलोवर असते. दुपारी घरी येऊन पाजायचं तर तेवढे किलो कमी भरतात. हे ऐकल्यावर "बाळाला वेळ द्या" असं सांगणं अन्याय आहे, आणि ते आपण सर्रास सांगतो. आईनं सांगितलेल्या अडचणीला तिच्याच दिवसातून वाट काढावी लागते. सकाळी निघताना आणि आल्याबरोबर पोटभर पाजणं. रात्रीचं पाजणं न तोडणं. हातानं दूध काढून स्वच्छ धुतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, घरातल्या थंड जागी ठेवणं आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजणं. वेचणीच्या थंडीत हे नीट जमतं, एप्रिल-मेच्या उन्हात नाही. शेत जवळ असेल तर आजीनं किंवा मोठ्या पोरीनं बाळ धुऱ्यापर्यंत आणणं. हातानं दूध कसं काढायचं हे कुणीतरी शेजारी बसून दाखवायला लागतं. ते बोलून कळत नाही.

याच हंगामातून एक प्रश्न पुढे आला, जो कोणत्याही पत्रकात सापडत नाही: "फवारलेल्या शेतातून आल्यावर लेकराले पाजू का?" यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ती भीती घराघरात आहे. काही आया फवारणीच्या दिवसांत पाजणंच बंद करतात आणि वरचं सुरू होतं ते कायमचं. उत्तर देता येतं: आल्यावर साबणानं हात, छाती, अंग धुवायचं, लुगडं-पोलकं बदलायचं आणि मग पाजायचं. फवारणी चालू असलेल्या शेतात बाळाला न्यायचं नाही. पाणी आणणं, औषध कालवणं ही कामं पाजणाऱ्या बाईला देऊ नयेत, हे घरातल्या पुरुषाला सांगायचं. चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला तर थेट दवाखाना. पत्रक लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते आईनं दाखवलं, आणि आता ते आपल्या आशा प्रशिक्षणात गेलं पाहिजे.

विचारायचं कुणी? ज्या आशाताईनं सेवा दिली तिनं नाही. शक्य असेल तर शेजारच्या गावच्या ताईनं, किंवा आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गट प्रवर्तकानं, किंवा दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या बोलक्या आईनं. कोरकू, गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलणाऱ्या घरी तीच बोली बोलणारी बाई हवी, आणि दुभाषी म्हणून नवरा किंवा सासू चालणार नाही. सासूशीही बोलायचंच, पण वेगळं आणि तितक्याच आदरानं. तिनं तिची मुलं कशी वाढवली ते विचारलं की ती भरभरून बोलते, आणि आपल्याला विरोधक वाटणारी बाई पुष्कळदा नवीन आईची सगळ्यात मोठी आधार ठरते. जागा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाची रांग नको, तिथं सगळे कान टवकारून असतात. वेचणीच्या दिवसांत मोजणीच्या वेळी जाऊ नका. जेवणं आटोपल्यावर जा. रजिस्टर उघडून मांडीवर ठेवू नका. तिचे शब्द तिच्याच बोलीत, बाहेर आल्यावर लगेच लिहा. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचारा, आणि तिनं मान हलवली म्हणून हो धरू नका. ज्या घरी बाळ दगावलं आहे त्या आईला या यादीत घालू नका. तिच्याकडे जायचं ते तिच्यासाठी, माहितीसाठी नाही.

आशाताईंबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण करून फॉर्म भरला की केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे तिला 250 रुपये मिळतात. "सातव्या दिवशी कुणी आलं नव्हतं" असं एखाद्या आईनं सांगितलं आणि ते मासिक सभेत नावानिशी वाचलं गेलं, तर तिचे पैसेही जातात आणि गावातला मानही. पुढच्या महिन्यात ती त्या आईला आधीच सांगून ठेवेल की काय बोलायचं. मग तुमची वही कायमची निरुपयोगी. म्हणून सभेत हकिकत वाचायची ती गाव आणि नाव काढून, आणि प्रश्न विचारायचा: "या दिवशी हिला कुणीतरी भेटायला हवं होतं, तर आपण काय वेगळं केलं असतं?" आशाताईंनाच उत्तर काढू द्या. त्याही याच गावांत बाळंत झाल्या आहेत, त्यांच्या स्वतःच्या हकिकतीही याच आहेत. घरोघरी जाऊन बाळ पाहणारी गावातली बाई ही कल्पनाच गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध झाली आणि तिथून देशभर गेली. तिला चौकीदार करू नये.

महिन्याला एकच गोष्ट बदला. तुमच्या हातात असलेली निवडा: भेटीची वेळ, कुणाशी बोलायचं, काय करून दाखवायचं. नंतर ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्याकडे जाऊन सांगा, "तुम्ही म्हणाला होता ना संध्याकाळी कुणी नसतं, आता आशाताई संध्याकाळीही येते." हे सांगणं राहून गेलं की पुढच्या खेपेला परत "सगळं बराबर आहे". जे तुमच्या हातात नाही, तेही दडवू नका. रोजगार हमीच्या कामावर बायकांसोबत पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर ती सांभाळायला एका मजूर बाईला नेमायची तरतूद आहे. ती होत नसेल तर ग्रामसभेत मांडा. अमरावती जिल्ह्यात 2007 पासून लोकाधारित देखरेखीचं काम झालं, तिथं गावांनी आपल्या आरोग्यसेवेला हिरवा-पिवळा-लाल असे रंग दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवले. सेवेतल्या उणिवांसाठी ती जागा उत्तम आहे. कोणत्या आईनं बाटली दिली हे मात्र तिथं कधीच येता कामा नये.

जिच्यापर्यंत तुम्ही पोहोचलाच नाहीत तिचाही हिशोब ठेवा. मेळघाटातून कामासाठी बाहेर गेलेलं कुटुंब होळीला परत येतं, तेव्हाचे चार-पाच दिवसच ती आई भेटते. पावडर देणारी आई तुम्हाला पाहून घरात जाते. तिचंच सगळ्यात जास्त ऐकायला हवं, आणि तिच्या घरी जाताना बाटली दिसली तरी नजर तिकडे वळवू नका. वाटी-चमच्याची गोष्ट दुसऱ्या भेटीत काढता येते. सहा महिन्यांनंतरच्या वरच्या आहाराबद्दलही हीच पद्धत चालते: उष्टावण झालं का, काल काय खाल्लं, अंगणवाडीचं पाकीट घरात कुणाच्या ताटात गेलं. पण तो विषय वेगळा आणि मोठा आहे, आधी पहिले सहा महिने धरा.

राहिला तुमचा फॉर्म. तालुक्याला पाठवायचा असेल तर 'समाधानी'चा रकाना राहू द्या, त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडा: "वरचं पहिल्यांदा कधी दिलं?" आणि "तेव्हा कुणाला विचारलं?" या दोन ओळी आशाताईंकडे देऊ नका, तुम्ही आणि गट प्रवर्तक मिळून भरा. आणि या महिन्यात सुरुवात करायचीच असेल तर बेचाळीस दिवस पूर्ण झालेल्या, पण तीन महिने न झालेल्या बाळांची यादी काढा. त्यातल्या नुकत्याच सासरी आलेल्या पहिलटकरणीकडे आधी जा.